जिमची मशीन नंतर घ्या, आधी मेंबरची सिगारेट सुटू द्या



सध्या आपल्या नगर जिल्ह्यातून मला सगळ्यात जास्त विचारणा दोन धंद्यांबद्दल होते. एक जिम आणि दुसरा भरती अकॅडमी. (ऑक्टोबर २०२४ पासून कागदोपत्री आपण अहिल्यानगर झालो, पण बोलताना अजून नगरच तोंडात येतं, समजून घ्या.) प्रश्न ठरलेले असतात. ट्रेडमिल नवीन घ्यायची की सेकंड हँड? मुद्रा लोन मिळेल का? जागा किती स्क्वेअर फूट लागेल? काउंटरवर प्रोटीनचे डबे ठेवू का?

सगळे प्रश्न बरोबर आहेत. पण एक प्रश्न कोणीच विचारत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी सिगारेट-विडी ओढणारे किती असतील, आणि त्यांचं मी काय करायचं?

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. फिटनेसच्या धंद्यात उतरणाऱ्याने मेंबरची सिगारेट सोडवणं हे समाजसेवेच्या खात्यात टाकू नये. तो तुमच्या धंद्याचा पाया आहे. ज्याने हे काम हातात घेतलं त्याची जिम टिकेल. बाकीचे दर दोन महिन्यांनी नवीन मेंबर शोधत फिरतील.

तुम्ही नक्की विकता काय?

बीबीएला असताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. ग्राहक वस्तू विकत घेत नाही, त्या वस्तूने होणारं काम विकत घेतो. जिममध्ये येणारा माणूस लोखंड उचलायला पैसे देत नाही. पोट कमी व्हावं, दम वाढावा, भरतीत नाव लागावं, यासाठी देतो. म्हणजे तुमचा माल आहे रिझल्ट.

भरतीच्या मुलांचंच घ्या. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यातले २० गुण मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला आणि मुलींसाठी ८०० मीटरला. अग्निवीरच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत मारलं तर पहिल्या गटाचे पूर्ण गुण. इथे दहा-पंधरा सेकंदांत पोराचं वर्ष जातं. माझ्या दुकानात स्पोर्ट्स शूज घ्यायला येणारी मुलं विचारतात, "दादा, कोणत्या शूजने टायमिंग कमी होईल?" मी शूज दाखवतो, तो माझा धंदाच आहे. पण खिशात पाकिटाचा चौकोनी आकार दिसला, की सांगतोच, बाबा रे, टायमिंग पायात अडकलेलं नाही, छातीत अडकलंय.

धूर तुमच्या मेहनतीचं काय करतो?

हे तुम्हाला नीट माहीत हवं, कारण मेंबरला तुम्हीच समजावणार आहात. सोप्या भाषेत सांगतो.

रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारा टेम्पो. धुरामध्ये कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे टेम्पोत आधीच फुकटा प्रवासी बसलेला, आणि खरा माल रस्त्यावर. न ओढणाऱ्याच्या रक्तात हे प्रमाण साधारण १ ते २ टक्के असतं, नियमित ओढणाऱ्याच्या रक्तात ५ ते १० टक्क्यांपर्यंत जातं. पळताना मांडीच्या स्नायूंना ऑक्सिजन हवा असतो आणि तोच कमी पोचतो. मग पाय जड होतात, धाप लागते, आणि शेवटच्या राउंडला माणूस ढेपाळतो.

दुसरी गोष्ट निकोटिनची. ते हृदयाचे ठोके वाढवतं, रक्तदाब वाढवतं आणि रक्तवाहिन्या आकसवतं. इंजिन उभ्या गाडीतच रेस होत असेल, तर घाटात काय होणार? चांदबीबी महालाच्या चढावर एकदा न थांबता जाऊन बघा, उत्तर मिळेल.

तिसरी गोष्ट श्वासनलिकेची. धुराने ती आतून सुजते आणि आकसते, चिकट कफ वाढतो. हा कफ बाहेर ढकलणारे बारीक केसांसारखे तंतू धुराने मंदावतात. सकाळी ग्राउंडवर पहिल्या राउंडनंतर जो खोकतो, त्याचं कारण थंडी असेलच असं नाही.

यात भर म्हणजे, ओढणाऱ्याची हाडं, स्नायुबंध आणि जखमा उशिरा भरून येतात. लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांवर परदेशात झालेल्या अभ्यासांत ओढणाऱ्यांना दुखापती जास्त होतात असं दिसलेलं आहे. तुमच्या अकॅडमीत शिन पेनने बसलेल्या मुलांना एकदा विचारून बघा.

ही माहिती आजची नाही. बारा मिनिटांत किती अंतर धावतो ही 'कूपर टेस्ट' भरतीच्या प्रत्येक मुलाला माहीत असते. ती काढणारे डॉ. केनेथ कूपर अमेरिकन हवाई दलात होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये हवाई दलाच्या जवानांवरच हे तपासलं. ओढणारे बारा मिनिटांच्या धावेत मागे पडले, आणि जो जास्त ओढायचा तो जास्त मागे पडला. म्हणजे टेस्ट आपण उचलली, आणि टेस्टवाल्याचा सल्ला तिथेच ठेवून आलो.

नेहमीची उत्तरं, आणि त्यांची उत्तरं

"दादा, मी दिवसाला दोनच ओढतो." दोन म्हणजे दहापेक्षा कमी, हे खरं. पण निरुपद्रवी असा आकडा नाही. आणि व्यायामाच्या आधी-नंतर ओढलेली त्या दिवसाच्या मेहनतीवर सरळ पाणी ओतते.

"सिगारेट नाही, विडी ओढतो, देशी आहे." देशी असली म्हणून हलकी होत नाही. विडीत तंबाखू कमी असते, पण ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल मारावे लागतात. निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी मिळत नाही, उलट जास्तच मिळतं.

"मी धूर सोडला, आता फक्त मळतो." याच्याकडे आपल्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, पण धूर ओढणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे आपला खरा प्रश्न चिमटीत आहे. मळलेल्या तंबाखूत कार्बन मोनॉक्साइड नाही हे मान्य. पण निकोटिन तेच, ठोके वाढवणं तेच, आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती वर. एक दार बंद करून दुसरं उघडलं, तर त्याला सोडणं म्हणत नाहीत.

"सोडली तर वजन वाढतं." हे मात्र खोटं नाही. सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं असं अभ्यास सांगतात. भूक आणि तोंडाची चव परत येते, हात रिकामा राहतो, माणूस खात सुटतो. आता धंदेवाल्याच्या डोक्याने विचार करा. जिल्ह्यातल्या हजारो लोकांना सिगारेट सोडायची आहे, पण पोट सुटेल म्हणून ते घाबरतात. त्यांना जिमची सगळ्यात जास्त गरज आहे, आणि एकाही जिमचा बोर्ड त्यांच्याशी बोलत नाही. सगळ्यांच्या फ्लेक्सवर तोच सिक्स पॅकवाला परदेशी माणूस.

गल्ल्याचा हिशोब

आता आकड्यात बघू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा तुमचे १०० मेंबर आहेत, फी महिना ८०० रुपये. त्यातले ३० जण तंबाखूवाले. दोन महिने घाम गाळूनही दम वाढत नाही म्हणून त्यातले १५ जण गळाले. वर्षाचे उरलेले १० महिने गुणिले ८०० गुणिले १५, म्हणजे १ लाख २० हजार रुपये. एवढ्यात एका ट्रेनरचा वर्षभराच्या पगाराचा बराच भाग निघतो. आणि हे १५ जण चौकात काय सांगतात? "त्या जिममध्ये काही फरक पडत नाही." सिगारेटचा दोष ते सिगारेटला देत नाहीत, तुम्हाला देतात.

मेंबरचाही हिशोब करा. एक सिगारेट १५ रुपयांची धरली आणि दिवसाला ६, तर ९० रुपये रोज, महिन्याला २,७००, वर्षाला ३२,८५०. आणि हाच माणूस ८०० रुपये फीमध्ये शंभर रुपये कमी करा म्हणून तुमच्याशी अर्धा तास घासाघीस करतो! हा हिशोब त्याला पाठ देऊ नका. कागद-पेन त्याच्या हातात द्या आणि त्यालाच मांडायला लावा.

सोडल्यावर शरीर काय परत देतं?

जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली वेळ बघा आणि तुमच्या पॅकेजशेजारी ठेवा.

- २० मिनिटांत वाढलेले ठोके आणि रक्तदाब खाली यायला लागतात.
- १२ तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नॉर्मलवर येतो.
- २ ते १२ आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारतं आणि फुप्फुसाचं काम वाढतं.
- १ ते ९ महिन्यांत खोकला आणि धाप कमी होते.
- एका वर्षात हृदयविकाराचा धोका ओढणाऱ्याच्या तुलनेत निम्म्यावर येतो.

काही लक्षात आलं? २ ते १२ आठवडे म्हणजे तुमचं तीन महिन्यांचं पॅकेज. १ ते ९ महिने म्हणजे सहामाही आणि वार्षिक. मेंबरला जो फरक जाणवणार आहे, त्यात अर्धं काम शरीर स्वतः करणार आहे आणि श्रेय तुमच्या जिमला मिळणार आहे. इतका स्वस्त पार्टनर दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतो सांगा!

पण पहिले काही दिवस अवघड असतात, हे लपवू नका. चिडचिड, झोप नीट न लागणं, लक्ष न लागणं हे पहिल्या आठवड्यात जोरात असतं, मग तीन-चार आठवड्यांत ओसरत जातं. तलफ येते तेव्हा ती काही मिनिटांची असते. तेवढी मिनिटं निघाली की माणूस सुटतो. आणि पाच-दहा मिनिटं झपझप चाललं तरी तलफ कमी होते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. तलफेवरचा एक उपाय तर तुमच्या दुकानात आधीपासूनच पडलेला आहे.

मग करायचं काय?

एक, प्रवेशाच्या फॉर्मवर प्रश्न टाका. तंबाखू, सिगारेट, विडी, मिसरी. घेता का, किती, कधीपासून? मिसरी मुद्दाम लिहा, नाहीतर बायकांच्या बॅचमध्ये खरं उत्तर येणार नाही. माहिती गुप्त ठेवा.

दोन, पहिल्या दिवशी मोजा. एका जागी बसवून ठोके, आणि जमेल तेवढ्या अंतराच्या धावेची किंवा चालीची वेळ. सोडल्यावर चार आणि बारा आठवड्यांनी पुन्हा तीच मोजणी. भाषणापेक्षा स्वतःच्या वहीतला आकडा जास्त बोलतो.

तीन, सोडायची तारीख ठरवून घ्या. "बघू, हळूहळू कमी करतो" ही उधारीसारखी गोष्ट आहे, वसूल होत नाही. तारीख लिहा, आणि त्या तारखेनंतर पहिले दोन आठवडे त्या मेंबरला रोज बोलवा. व्यायाम हलका ठेवा, पण हजेरी चुकू देऊ नका.

चार, जोडी लावा. सोडणारे दोघे एका बॅचमध्ये. तलफ आली की एकमेकांना फोन.

पाच, तुमची हद्द ओळखा. आपण ट्रेनर आहोत, डॉक्टर नाही. ज्याला छातीत दुखतं, बीपी आहे, शुगर आहे, त्याला आधी डॉक्टरकडे पाठवा. निकोटिनची गोळी, गम हेसुद्धा डॉक्टरांना विचारून. सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. हा नंबर जिमच्या आरशावर चिकटवा. आरशात दिवसातून दहा वेळा बघतात सगळे.

सहा, सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा ट्रेनर जिमचा टी-शर्ट घालून समोरच्या टपरीवर उभा दिसता कामा नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी झाली, तुमच्यातले बरेच जण बघायला गेले असतील. त्या कुस्तीगिरांच्या मागे तालीम असते. तालमीत वस्तादासमोर विडी काढायची कोणाची छाती होत नाही. भिंतीवर नियम लिहिलेला असो नसो, वस्ताद स्वतः पाळतो म्हणून तो चालतो.

आणि कायद्याचं विसरू नका. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, दंड २०० रुपयांपर्यंत. धूम्रपान निषेधाचा किमान ६० बाय ३० सेंटीमीटरचा फलक दारावर लावणं मालकाची जबाबदारी आहे.

"पण माझं तर किराणा दुकान आहे..."

हा प्रश्न येणार हे माहीत आहे. तुमच्यातले अनेक जण दुकानदार आहेत, आणि गल्ल्यात तंबाखूचा पैसा रोज येतो. मी पण दुकानदार आहे, रोजचा गल्ला काय असतो ते कळतं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी. अण्णा हजारे १९७५ मध्ये सैन्यातून गावी परतले. आधी दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, मग गावाने तंबाखू, विडी, सिगारेटची विक्री बंद करायचं ठरवलं. गावातल्या तरुणांनी दुकानांतला हा सगळा माल गोळा केला आणि होळीत जाळला. दुकानांनी तो विकणं बंद केलं. पुढे पाणलोटाच्या कामाने पाणी वाढलं, पिकं वाढली, दूध वाढलं, गावाच्या हातात पैसा खेळायला लागला. दुष्काळी गावातली दुकानं तंबाखूशिवाय चालू शकतात, तर आपल्या गल्लीतलं का चालणार नाही?

त्या गावातली एक गोष्ट मात्र मला पटत नाही. दारूच्या बाबतीत तिथे खांबाला बांधून मारण्यापर्यंत गेलं होतं, हे जगजाहीर आहे. आपल्या धंद्यात धाक चालत नाही. मेंबरला सगळ्यांसमोर "काय रे, परत ओढलीस?" म्हणालात, की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. सिगारेट सोडतो ती नाहीच, जिम सोडतो. बहुतेकांना एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो. जो परत ओढायला लागला त्याला फक्त पुढची तारीख विचारा.

तंबाखू आजच्या आज बंद करा असं मी दुकानदारांना म्हणत नाही. पण कायद्याच्या आत तरी राहा. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या पोराला विकायची नाही, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विकायची नाही. सुटी सिगारेट हाच नवीन पोराचा पहिला दरवाजा असतो, अख्खं पाकीट घ्यायला त्याच्या खिशात पैसे नसतात. हे तीन नियम पाळले, तरी तुमच्या गल्लीत पुढच्या पाच वर्षांत किती छात्या वाचतील विचार करा. रिकाम्या झालेल्या कप्प्यात शेंगदाणा चिक्की, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू ठेवून बघा. जिमवाल्या पोरांना तेच लागतं.

आणि हो, नगर शहरात आणि संगमनेरला कित्येक घरांत बायका विड्या वळून संसार चालवतात. माझा राग त्यांच्यावर नाही. त्यांना दुसरा धंदा उभा करून देणं हे आपल्यासारख्या ट्रेनिंग देणाऱ्यांचं काम आहे, आणि त्यावर स्वतंत्र बोलावं लागेल.

तुमच्यासाठी दोन शब्द

नवीन धंदेवाला पहिली दोन वर्षं स्वतःच मालक, स्वतःच हमाल, स्वतःच हिशोबनीस असतो. आजारी पडायला सुट्टी नसते. बँक तुमच्या मशीनवर कर्ज देते, तुमच्या फुप्फुसावर नाही. टेन्शन आलं की सिगारेट, असं म्हणणाऱ्यांनी एवढंच बघावं, की ती ओढून झाल्यावर हप्त्याची तारीख पुढे गेली का?

जिम किंवा अकॅडमी सुरू करणाऱ्यांनो, तुमच्या बिझनेस प्लॅनमध्ये मशीन, भाडं, लाइटबिल या ओळींच्या वर एक ओळ लिहा: "या वर्षी माझ्या किती मेंबरची तंबाखू सुटली?" वर्षाअखेर त्यासमोर दहा जरी लिहिता आले, तरी तुमच्या जाहिरातीचा खर्च वाचेल. कारण त्या दहा जणांच्या बायका आणि आया तुमची जाहिरात करतील, आणि तशी जाहिरात कुठल्याच फ्लेक्सवर होत नाही.

तुमच्या जिममध्ये, अकॅडमीत किंवा दुकानात यातलं काही करून बघितलंत तर खाली नक्की लिहा. काय जमलं आणि काय नाही, दोन्ही लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.

भेटूया, कामाला लागा!